अक्षरं हातात आहेत, शब्द शोधायचाय: सॉल्व्हर साइट, वर्डलिस्ट की चॅटबॉट?

हातात पाच-सात इंग्लिश अक्षरं आहेत, त्यांचे शब्द कुठे शोधू, असं कोणी विचारलं की लगेच कुठल्यातरी साइटचं नाव पुढे येतं. मी आधी उलट विचारतो, तुम्हाला नक्की काय हवंय? दिलेली सगळी अक्षरं वापरून एकही जास्तीचं न घेता शब्द करायचाय, म्हणजे अ‍ॅनाग्राम? की त्यातली जमतील तेवढीच वापरायचीत, अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायच्या स्क्रॅबल या खेळासारखं? की ही अक्षरं शब्दात असायलाच हवीत, बाकी कुठलीही चालतील? दिसायला एकच वाटतं पण हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि चुकीचं टूल उघडलं की यादी भलतीच येते, वर आपल्याला वाटतं शब्दच नाहीयेत.

स्क्रॅबलचा सराव असेल तर सॉल्व्हर साइटच घ्या, डोळे झाकून. अक्षरं टाकली की लांबीप्रमाणे, पॉइंट्सप्रमाणे यादी समोर येते, आणि सातही सोंगट्या एकदम लागल्या की 50 पॉइंट्सचा बोनस असतो त्यामुळे सात अक्षरी शब्द आधी बघायची सवय लागते. फक्त साइटवर डिक्शनरी कुठली निवडलीय ते बघाच. स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची कॉलिन्स डिक्शनरीवाल्यांची यादी असते, तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,000 हून जास्त शब्द आहेत, उत्तर अमेरिकेतली यादी त्यापेक्षा बरीच लहान आहे, म्हणजे एकीकडे चालणारा शब्द दुसरीकडे बाद होऊ शकतो.

पण हीच साइट स्पेलिंग बी टाइपच्या, म्हणजे दिलेल्या मोजक्या अक्षरांतून शब्द करायच्या कोड्याला घेतली की फसगत होते. तिथे एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं, सॉल्व्हर मात्र तुम्ही जेवढी दिलीत तेवढीच मोजतो. बी, ए, एन अशी तीन अक्षरं टाकून बघा, बॅन येईल, नॅब येईल, पण बनाना येणारच नाही, कारण त्यात तीन ए लागतात आणि तुम्ही एकच दिलाय.

तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे अमुक अक्षरं असायलाच हवीत, लोक वनलुक या डिक्शनरी साइटसारखी पॅटर्न सर्च वापरतात, म्हणजे शब्दाचा साचा देऊन शोधायचं. त्यात प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. क्रॉसवर्डला हे मस्त, कारण कुठल्या घरात काय आहे ते माहीत असतं. जागा माहीत नसेल तर मात्र त्रास आहे. क्यू आणि झेड दोन्ही असलेले शब्द हवेत म्हणून तारा-क्यू-तारा-झेड-तारा टाकलंत तर क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ मिळतील, पण बेझीक (bezique) नावाचा पत्त्यांचा खेळ सुटेल, त्यात झेड आधी येतो ना. मग उलटा पॅटर्नही टाकायचा. तीन अक्षरं असली की सहा क्रम, चार असली की 24, कोण बसणार टाइप करत!

म्हणून अशा कामाला माझी पसंती वर्डलिस्ट आणि ग्रेपला, म्हणजे फाइलमधून हव्या त्या ओळी शोधून देणाऱ्या कमांडला. दर ओळीला एक शब्द असलेली टेक्स्ट फाइल घ्यायची, ग्रेपने क्यू असलेल्या ओळी काढायच्या, पाइप लावून (एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देऊन) त्यातून परत झेडवाल्या, झालं काम, क्रमाची भानगडच नाही, बेझीक पण येतो. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम करणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सनने ग्रेप 1973 च्या सुमारास लिहिलं आणि अजून याहून सरळ काही मला सापडलेलं नाही. कमांडची भीती वाटत असेल तर खरंच सांगतो, दोन ओळींचं काम आहे. मात्र फाइल नीट निवडा. मॅकमध्ये आधीपासून असते ती यादी 1934 च्या वेबस्टर्स डिक्शनरीवरून केलेली आहे, त्यात बहुतेक अनेकवचनं नाहीत, नवे शब्द तर नाहीतच. त्यापेक्षा एनेबल नावाची पब्लिक डोमेनमधली यादी घ्या, 1,72,000 च्या वर शब्द आहेत.

चॅटबॉटला विचारणं सगळ्यात सोपं, पण या कामाला मी त्याच्यावर विसंबत नाही. तो शब्द अक्षर-अक्षर करून वाचत नाही, टोकन नावाच्या तुकड्यांत वाचतो, त्यामुळे मागितलेलं अक्षर नसलेला शब्द पण कधीकधी बिनधास्त यादीत घालतो. यादी दुसरीकडून काढा आणि अनोळखी शब्दांचे अर्थ, वापर त्याला विचारा, ते तो छान सांगतो.

आणि खेळताना काहीच उघडता येत नसेल तर? तर अक्षरं ए टू झेड क्रमाने लावून बघायची सवय करा. ई, आय, एल, एन, एस, टी. यातून लिसन, सायलेंट, एनलिस्ट, इनलेट्स, टिन्सेल असे पाच शब्द होतात. उच्चारावर गेलात तर लिसनमधला टी ऐकूच येत नाही, म्हणून तो शब्द पटकन सुचत नाही, पण हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की पाचही एकदम आठवतात.