युरोपात दोन दिवसांची सुट्टी: रात्रीची बस की स्वस्त विमान?

तिकिटावर विमानप्रवास दीड तासाचा दिसतो. पण घरातून विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी, उतरल्यावर शहरात यायला आणखी तास; म्हणजे साडेपाच तास, तेही जागेपणी. रात्रीची बस नऊ तास घेते, पण झोपेत, आणि बहुधा शहरातच सोडते. हॉटेलची एक रात्रही वाचते.

विमानात खरा खड्डा बॅगेचा. सर्वात स्वस्त तिकिटात बहुतेकदा सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट असते. माप घेताना चाकं आणि हँडलही धरतात, म्हणून मऊ सॅक बरी. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी. दुसरी गोम कागदपत्रांची: ऑनलाइन चेक-इन झालं तरी युरोपीय संघाबाहेरचा, म्हणजे आपला भारतीय, पासपोर्ट असेल तर काही कंपन्या काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायला लावतात. ते राहिलं तर गेटवरून परत पाठवतात.

बसमध्ये चाकावरची आणि टॉयलेटजवळची सीट टाळा, मधली घ्या. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड (तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड) अंगावर ठेवा. सीमेवर रात्री तपासणी झाली तर डिकीतली बॅग कोण काढणार? पहाटे पाचला पोहोचलात तर खोली दुपारीच मिळते, तेव्हा सामान ठेवायची सोय आधीच विचारून ठेवा.

आमचं मत: जाताना शुक्रवारची बस, येताना रविवार दुपारचं विमान. शेवटचं विमान नको. ते रद्द झालं की सोमवार गेला.