नव्या डब्यांतून ठाणे ते कणकवली: 8 महिने, 17 फेऱ्या

आई गावी एकटी असते आणि तिच्या गुडघ्यांचे उपचार मुंबईत चालू आहेत. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कणकवलीला जाणं-येणं ठरलेलं. कधी तिला आणायला, कधी पोचवायला. 8 महिन्यांपूर्वी ठाण्याच्या फलाटावर आमची नेहमीची रात्रीची गाडी निळ्याऐवजी लाल-करड्या डब्यांची आली. एलएचबी नावाच्या नव्या बनावटीच्या डब्यांचा संच, म्हणजे रेक, मिळाला होता. तेव्हापासून जाऊन-येऊन 17 फेऱ्या झाल्या. उन्हाळा झाला, पाऊस झाला, गणपतीची गर्दीही झाली. 15 फेऱ्या स्लीपरने आणि दोन जनरलने, कारण तिकीट मिळालं नाही. आता लिहायला हरकत नाही.

जुन्या निळ्या डब्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनीच आम्हाला गावाशी बांधून ठेवलं. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून ते तयार होत होते, मूळ तंत्र स्विस. 2018 च्या सुरुवातीला त्यांचं उत्पादन थांबलं. असा डबा साधारण 25 वर्षं वापरायचा असतो. डब्याच्या बाहेर जो नंबर लिहिलेला असतो, त्याचे पहिले दोन आकडे सहसा बांधणीचं वर्ष सांगतात. आमच्या जुन्या रेकमध्ये 00 आणि 02 ने सुरू होणारे डबे मी कितीदा पाहिलेत. म्हणजे बदलायची वेळ झालीच होती.

पहिला फरक मला कणकवलीला उतरल्यावर कळला, आणि तो ओढणीवर दिसला. जुन्या डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर घासायचे. त्यातून उडणारी लोखंडाची बारीक तपकिरी भुकटी खिडकीच्या कडेवर, उशीच्या अभ्र्यावर, कानामागे बसायची. फिकट रंगाचे कपडे घालून प्रवास करायचाच नाही, असा आमच्या घरात नियमच होता. नव्या डब्यात ब्रेक आसाला लावलेल्या चकत्यांवर लागतो. पहाटे तोंड धुतलं तेव्हा बेसिनमध्ये ते तांबूस पाणी दिसलं नाही. उतारावर येणारा जळका वासही गेला.

दुसरा फरक झोपेचा. रुळांचे सांधे, पूल, बोगदे तेच, पण डबा आता अंगावर येत नाही. उक्षी ते भोके दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. जुन्या डब्यात तिथे बोलणं बंद व्हायचं, इतका खडखडाट. आता बोगद्यातही शेजारच्या बाईंशी मी आवाज न चढवता बोलले. आई पहिल्याच फेरीत सकाळी म्हणाली, "पोटातला पाणी सुदिक हालूक नाय गे." गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या माणसाचं हे प्रमाणपत्र मला कुठल्याही कागदापेक्षा मोठं वाटतं.

बोगद्यातला धूर गेला, त्याचं श्रेय मात्र डब्यांना देऊ नका. ते विजेच्या इंजिनाचं आहे. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 2022 मध्ये विजेवर आला, तेव्हापासूनच हा फरक आहे.

पंख्यांची गोष्ट मात्र खरोखर डब्यांची. जुन्या डब्याखाली पट्ट्यावर फिरणारा जनरेटर असायचा. गाडी धावली तरच तो बॅटरी भरायचा. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, गाडी तासभर उभी राहिली की बॅटरी दमायची, दिवे पिवळे पडायचे, पंखे हळू व्हायचे, आणि मे महिन्यात आतली लहान मुलं रडायला लागायची. नव्या रेकला वीज इंजिनाकडून किंवा टोकाच्या जनरेटर व्हॅनमधून मिळते. मे महिन्यात विलवडे स्टेशनात आम्ही 50 मिनिटं उभे होतो. पंखा तसाच फिरत होता.

आता तक्रार, आणि ती छोटी नाही. हे डबे सुटताना आणि थांबताना झटका देतात. सगळ्या फेऱ्यांत नाही. हलक्या हाताने गाडी चालवणारा लोको पायलट असला की जाणवतही नाही. पण जुलैच्या एका पहाटे आई बाथरूमला जायला उठली आणि त्याच क्षणी उभी असलेली गाडी सुटली. पुढून मागे डब्या-डब्यातून धडधड आवाज येत गेला आणि आमचा डबा हिसका बसून हलला. आई शिडीवर आपटली. कपाळावर टेंगूळ आलं, मनगट आठवडाभर सुजलं. "माका वाटला, कोणीतरी मागसून ढकलल्यान," ती सांगत होती. कारण डब्यांच्या जोडणीत आहे. जुन्या डब्यांना दोन बाजूंना धक्के झेलणारे बफर आणि मध्ये आवळायचा स्क्रू असायचा, त्यामुळे डबे एकमेकांना घट्ट भिडलेले असत. नव्यांची जोडणी एकच, मधोमध, आणि तिच्यात थोडी ढिलाई राहते. प्रत्येक डबा ती ढिलाई संपल्यावर ओढला जातो. हा झटका कमी करणारे सुधारित भाग निघाले आहेत. ते आमच्या रेकला लागलेत की नाही हे प्रवाशाला बघून कळत नाही, पण शरीराला कळतं. तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं शिकवा: गाडी उभी असताना उठायचं नाही, उठायचंच असलं तर आधी दांडा धरायचा.

पण हीच जोडणी मला हवीशीही वाटते. आमच्याकडच्या माणसाला वैभववाडी आणि करंजाडी ही नुसती स्टेशनांची नावं नाहीत. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली. वर्ष होत नाही तो 16 जून 2004 ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचे डबे पुलावरून खाली गेले. 4 मे 2014 ला नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली. प्रत्येक वेळी आमच्या वाडीत कुणाच्या ना कुणाच्या घरी रात्रभर फोन वाजत होते. नवा डबा दरड थांबवू शकत नाही. पण गाडी घसरलीच तर मधली जोडणी डब्यांना एका रांगेत धरून ठेवायला मदत करते, एक डबा दुसऱ्यावर सहज चढत नाही. शिवाय सांगाडा गंजणाऱ्या साध्या पोलादाचा नाही, स्टेनलेस स्टीलचा आहे. खाऱ्या वाऱ्याच्या आणि चार महिने भिजणाऱ्या मुलखात याचं मोल वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आईला एकटीला गाडीत बसवून देताना माझा जीव आता पूर्वीइतका टांगणीला लागत नाही.

वेळ वाचला का? नाही. डबे ताशी 160 किलोमीटर धावायला बनवलेत, पण मुसळधार पावसात इथे गाडी 40 च्या वेगाने न्यायची सूचना असते, आणि ती हवीच. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. तिथून पुढे बहुतेक मार्ग एकेरीच, म्हणजे क्रॉसिंग आलंच.

जागांचं मात्र मनाला लागलं. नव्या स्लीपर डब्यात 72 ऐवजी 80 बर्थ असतात, हे ऐकून आनंद झाला होता. मग फलाटावर उभी राहून मी डबे मोजले. आमच्या गाडीला आधी 9 स्लीपर होते, आता 7 आहेत. 648 बर्थ होते, 560 राहिले. वाढले ते एसी डबे. माझ्या दोन जनरल फेऱ्यांपैकी एक गणपतीच्या आधीची. ठाण्यापासून चिपळूणपर्यंत मी एका पायावर आणि एका पिशवीवर उभी होते. डबा नवा होता, पण दाराजवळ बाळाला घेऊन बसलेल्या बाईला त्याचा काय उपयोग?

राजापूरचे खासदार मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाचे बर्थ उघड्या लाकडी फळ्यांचे होते. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंची फोम आणला. गाडीत सुधारणा सुरू करायची ती खालच्या वर्गापासून, हे आमच्याच मतदारसंघातल्या माणसाने करून दाखवलंय. म्हणून माझी मागणी आहे की नवा रेक देताना स्लीपर आणि जनरल डबे कमी करू नका.

आणि पॅसेंजर गाडीला विसरू नका. आमच्या गावाजवळच्या छोट्या स्टेशनावर एक्सप्रेस थांबत नाही. कॉलेजची मुलं, मासे घेऊन जाणाऱ्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे यांची गाडी तीच, आणि ती अजून निळ्या डब्यांचीच. गेल्या महिन्यात क्रॉसिंगला ती आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. आमच्या डब्यात लख्ख उजेड होता, पलीकडे दिवे मंदावलेले. खिडकीतली एक आजी पदराने वारा घेत होती. आईने तिला ओळखलं आणि गजांतून हाक मारली.

पुढच्या महिन्याचं तिकीट काढून झालंय. आईला लोअर बर्थ मिळालाय, डब्याच्या मधोमध, दाराच्या धडपडीपासून लांब.