एका शब्दावर सहा तास शिकवणारा आमच्याकडचा इंग्रजी क्लास

मी ताडोब्यात गाईड आहे, मोहर्ली गेटवर. नऊ वर्षं झाली. मागच्या फेब्रुवारीत सकाळच्या सफारीला स्पेनची एक जोडी होती. वळणावर चितळाचा कॉल (वाघ जवळ असल्याची इशारा देणारी हाक) आला, जिप्सी थांबवली, अन् वाघीण बांबूतून निघून सरळ रस्त्यावर आली. वीस-पंचवीस पावलांवर. बाई फोटोसाठी सीटवर उभी झाली. मी दबक्या आवाजात म्हटलं, ‘गेट डाऊन मॅडम, गेट डाऊन.’ सीटवरून खाली या, एवढंच म्हणायचं होतं. तिनं मान हलवली अन् एक पाय जिप्सीच्या बाहेर टाकला. ड्रायव्हर भाऊनं तिच्या बॅगेचा पट्टा धरून तिला मागं ओढलं म्हणून निभावलं. पार्कात गाडीतून उतरायला सक्त मनाई, अन् उतरायला सांगणारा गाईडच! परत येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

नंतर चहाच्या टपरीवर तिनं सांगितलं. स्पॅनिशमध्ये ‘बाहार’ म्हणजे खाली येणं, अन् गाडीतून उतरणंही तेच. आपलं ‘उतरणं’ तसंच: झाडावरून उतर, बसमधून उतर. इंग्रजीत मात्र बसमधून ‘गेट ऑफ’, कार-जिप्सीतून ‘गेट आउट’, अन् उंचावरून खाली यायला ‘गेट डाऊन’. आपण बसमधूनही ‘गेट डाऊन’च करतो. तीही कधीकाळी याच शब्दात अडकली होती. तिनं माझ्या डायरीत दोन रकाने पाडून दिले, एकीकडे ‘गेट’ची वाक्यं, दुसरीकडे स्पॅनिश.

ती डायरी घेऊन मी जुलैत या क्लासला गेलो. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, तेव्हाच आम्हाला सवड. आमच्या गावातल्या जुन्या वाचनालयाच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी दोन तास, महिन्याचे सहाशे रुपये. आधी मी शहरातल्या एका क्लासला चार हजार घालून बसलो होतो. तिथं पाचशे वाक्यं पाठ करायला दिली, त्यातलं एकही जंगलात कामी आलं नाही.

मॅडमनी माझी डायरी पाहिली अन् ठरलेला धडा बाजूला ठेवला. फळ्यावर तिसरा रकाना पाडला, मराठीचा. पोचणं: ‘येगार’. कामधंदा मिळवणं: ‘कोन्सेगिर’. गाडीत चढणं: ‘सुबिर’. समजणं: ‘एन्तेन्देर’. आजारी पडणं, थकणं, लग्न होणं, सवय होणं, स्पॅनिशमध्येही प्रत्येकाला वेगळं क्रियापद. इंग्रजीत या सगळ्यांचं काम एकटा ‘गेट’ करतो. मागच्या बाकावरचा एक पोट्टा बोलला, ‘मॅडम, ही भाषा तं आपल्याच घरची वाटून राहिली.’ तेव्हा मॅडमनी आणखी एक दाखवलं: ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’. मांडणीही तीच, आवडणारी वस्तू कर्ता, अन् आपण ‘मला’.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते त्यांचं पुढचं सांगणं. ‘गेट’ हा शब्द इंग्रजीत व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथं तो ‘गेता’ होता, मिळवणं या अर्थाचा. ‘फर्गेट’मध्येही तेच मूळ, हातातलं सुटून जाणं. मग मॅडम प्रत्येक वाक्यात ‘काय मिळालं?’ असं विचारायच्या. ‘गेट टू द लेक’, तळं मिळालं, म्हणजे पोचलो. ‘गेट सिक’, आजार मिळाला. ‘आय गेट इट’, अर्थ मिळाला. ‘डाऊन’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडले की दिशा बदलते, अन् वाघ समोर असताना दिशाच महत्त्वाची. हे तीन दिवस, म्हणजे सहा तास चाललं. दरवाजाचा ‘गेट’ लांबवायचा अन् हा तोकडा बोलायचा, याचीही तालीम झाली. आपल्या ‘ए’त तसा फरक नाही, म्हणून आमच्या तोंडात दोन्ही एकच व्हायचे.

उणीवही सांगतो. एका खोलीत बत्तीस जण, त्यामुळं बोलायची पाळी उशिरा येते. लाईट गेली की फळा दिसत नाही, झेरॉक्स फिक्या. दहावीच्या मार्कांसाठी पोरं पाठवत असाल तर पाठवू नका, इथं पेपर सोडवून घेत नाहीत. गाईड, ड्रायव्हर, होमस्टेवाले, तुम्ही मात्र नक्की जा. ऑक्टोबरपासून मी उभ्या पाहुण्याला ‘प्लीज सिट डाऊन’ म्हणतो, ‘गेट आउट’ फक्त सफारी संपल्यावर, तेही ‘यू कॅन’ लावून, नाहीतर हाकलल्यासारखं वाटतं.

जाताना दोनशे पानी वही न्या. माझी सतरा पानं एकट्या ‘गेट’ला गेली.