थायरॉइड की टेन्शन? आधी कुणाकडे जायचं

बसल्या जागी छातीत धडधडतंय, हात थरथरतायत, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, आणि आमटीत मीठ कमी पडलं एवढ्यावरून घरच्यांवर खेकसून झालंय. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘थायरॉइड बघून घे.’ दुसरा म्हणतो, ‘काही नाही, टेन्शन घेते ती.’ पंचाईत ही, की दोन्ही पक्ष बरोबर असू शकतात.

माझ्या मावसबहिणीच्या वेळी दुसरा पक्ष जिंकला. बाळ तीन महिन्यांचं, जागरणं, त्यात पहिलटकरीण. कारणांना तोटा नव्हता. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी दिली, धडधड थांबली, आणि टेन्शनच होतं असं ठरून गेलं. दीड महिन्याने दुसऱ्या एका डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लावला. तो ०.०२ आला. नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते.

गोळीने बरं वाटलं ते का, हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

भीती वाटली की मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचतो आणि ती रक्तात ॲड्रेनलिन सोडते. सगळा कारभार काही सेकंदांचा. रक्तातलं निम्मं ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत नाहीसंही होतं. थायरॉइडचा कारभार मात्र सावकाश चालतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला सांगतो, ती टीएसएच सोडते, आणि त्या हुकमावर गळ्यातली थायरॉइड टी-फोर हे संप्रेरक बनवते. त्यातलं निम्मं संपायला आठवडाभर लागतो. थायरॉइड फार झालं की पीयूषिका हुकूम देणं थांबवते. म्हणून टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड जास्त. हा उलटा हिशोब रिपोर्ट वाचताना भल्याभल्यांना चकवतो.

हे दोन कारभार हृदयात एकमेकांना भेटतात. थायरॉइड वाढलं की हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनलिन पकडणारे बीटा ग्राहक वाढतात. ॲड्रेनलिन नेहमीएवढंच, ठोका मात्र दणदणीत. गाणारा तोच, मंडळाने भोंगे वाढवलेत. प्रोप्रॅनोलॉल हेच ग्राहक अडवते. त्यामुळे ती टेन्शनच्या धडधडीवरही चालते आणि थायरॉइडच्याही. गोळी लागू पडली यावरून निदान करायचं नसतं. (दमा असेल तर ही गोळी मनाने घेऊच नका.)

आणखी एक गुंता आहे. हृदय विनाकारण धडधडलं तरी मेंदू कारण शोधतोच: बाळाचं काय होईल, नोकरीचं काय होईल. मग खरीच भीती वाटते आणि खरंच ॲड्रेनलिन सुटतं. म्हणजे ग्रंथीतून सुरू झालेलं दुखणं अर्ध्या वाटेत मनाचंही होऊन बसतं. ‘मला खरंच काळजी वाटतेय, म्हणजे हे मानसिकच’ हा तर्क म्हणूनच लंगडा आहे.

मग घरबसल्या काय पाहायचं? माझा सगळ्यात जास्त भरवसा झोपेतल्या नाडीवर. तुम्ही गाढ झोपलेले असताना घरच्या कुणाला मनगट धरून मिनिटभर ठोके मोजायला सांगा. काळजीने धावणारी नाडी झोपेत सहसा निवते. थायरॉइडची झोपेतही धावत राहते. दुसरं म्हणजे हात हातात घेऊन पाहायचा. तळवे घामट दोन्हीकडे असतात, पण थायरॉइडमध्ये ते ऊबदार लागतात आणि घाबरलेल्या माणसाचे गार. पंजा पुढे पसरून बोटांवर वहीचा कागद ठेवला तर बारीक थरथर लगेच दिसते, पण ती दोन्हीकडे असू शकते, त्यामुळे एकट्या तिच्यावर जाऊ नका.

जेवणाचंही बघा. दोन पोळ्या जास्त जातायत आणि ब्लाउज मात्र सैल होतोय, सगळे शाल घेऊन बसलेत आणि तुम्हाला पंखा हवाय, तर पारडं थायरॉइडकडे झुकतं. काळजीत बहुतेकांची भूक मरते. पॅनिकचा झटका भरतीसारखा येतो, साधारण दहा मिनिटांत टोक गाठतो आणि ओसरतो. थायरॉइडला अशी ओहोटी नसते. वयस्कर माणसात मात्र यातलं काहीच न दिसता नुसतं वजन उतरणं आणि नाडी अनियमित होणं एवढंच असू शकतं.

ही लक्षणं कौल देतात, निकाल नाही. म्हणून माझं मत: आधी रक्त तपासा. शरीराचं दुखणं खरं आणि मनाचं खोटं, असं म्हणून नव्हे; हिशोब साधा आहे. टीएसएच काहीशे रुपयांत होतो, रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत हातात येतो. काळजीवरच्या रोजच्या गोळ्या लागू पडतायत की नाही हे कळायलाच काही आठवडे जातात, आणि तोवर वाढलेलं थायरॉइड हाडं आणि हृदय पोखरत राहतं. मानसोपचारतज्ज्ञही हेच करतात. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने ते टीएसएच मागवतातच. उलट्या बाजूचा गोंधळही जुना आहे: रिचर्ड ॲशर या इंग्लिश डॉक्टरांनी १९४९ साली थायरॉइड मंदावल्यामुळे भ्रमिष्ट झालेल्या १४ रुग्णांची हकिगत छापली होती.

एक सूचना. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा आणि निदान दोन दिवस आधी बंद करा. काही चाचण्यांमध्ये बायोटिनमुळे न वाढलेलं थायरॉइडही वाढलेलं दिसतं.

दोन प्रसंगी मात्र हा क्रम मोडायचा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रिपोर्टची वाट पाहत बसू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, आणि जवळच्या इस्पितळात मानसोपचार विभाग असेल तर तिथेच जा. छातीत दुखतंय, भोवळ येतेय किंवा ठोके वेडेवाकडे पडतायत, तर थायरॉइडचे आणि मनाचे दोन्ही तज्ज्ञ राहू देत, आधी कॅज्युअल्टी आणि ईसीजी.

टीएसएच कमी आला तरी लगेच कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइड बनणं कमी करणारी गोळी, सुरू होईलच असं नाही. ग्रंथी जास्त बनवतेय की साठवलेलं नुसतं सांडतेय हे पाहावं लागतं, आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा नुसतं सांडलेलं असतं. तिथे कार्बिमाझोलचा उपयोग नाही. आणि रिपोर्ट चांगला आला तर? माझ्या एका मित्राने दोन वर्षांत नऊ वेळा टीएसएच केला. नऊही वेळा नॉर्मल. दर वेळी तो लॅब बदलतो. त्याने ते पैसे पहिल्या रिपोर्टनंतरच मानसोपचारतज्ज्ञाच्या फीवर घालवायला हवे होते, हे मी त्याला सांगून थकलो.

बहिणीचं थायरॉइड औषधाविना चार महिन्यांत ताळ्यावर आलं. टीएसएच १.८. तरीही ती दुसऱ्या मजल्यावर लिफ्टनेच जायची, कारण जिना चढताना वाढणारा साधा ठोकाही तिला ‘ते’ परत आल्यासारखा वाटायचा. मग मानसोपचाराची सहा-सात सत्रं झाली. त्यात तिला मुद्दाम जिना चढायला लावून, वर पोचल्यावर नाडी मोजत बसवायचे.