चेल्टनहॅम: जुने निकाल की समोरचा घोडा?
इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला मार्चमध्ये होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींसाठी, पैज लावायला घोडा निवडताना जुने निकाल चाळले की यादी झटकन आखडते. गोल्ड कप या तिथल्या मानाच्या शर्यतीत १९६९ नंतर दहा वर्षांपेक्षा मोठा घोडा जिंकलेला नाही. तिथे मी आकड्यांचंच ऐकतो. सव्वातीन मैलांहून जास्त अंतर, २२ अडथळे आणि शेवटी तो जीवघेणा चढ!

चॅम्पियन हर्डल या तिथल्याच, कमी उंचीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत मात्र घोड्याकडेच बघावं. १९८५ नंतर पाच वर्षांचा घोडा तिथे जिंकला नव्हता. वयावर काट मारणाऱ्यांच्या हातून २००८ चा विजेता, पाच वर्षांचा कॅचिट निसटला. अंगाने लहानखुरा, पण चिवट, आणि आदल्याच वर्षी याच मैदानावर ट्रायम्फ हर्डल ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत जिंकलेला. वयाच्या रकान्यात हे कुठून दिसणार? शिवाय त्या वयाचे घोडे मुळात उतरले किती, हेही आधी मोजायला हवं.