आठ ब्लाइंड उरलेत: ऑल-इन की थांबायचं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक दोस्त गोव्याच्या पोकर स्पर्धेला निघालाय. त्याचा प्रश्न असा: आणखी दोघं बाद झाले की बक्षीस सुरू, आपल्याकडं आठ बिग ब्लाइंड (म्हणजे पत्ते बघायच्या आधी सक्तीनं लावायच्या मोठ्या रकमेच्या आठपट चिप्स), ऑल-इन मारावं, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावाव्यात, की पत्ते टाकत थांबावं?

आधी खर्च बघ. थांबणं फुकट नसतंय. बिग ब्लाइंडएवढी अँटी (ब्लाइंडवर आणखी भरायची सक्तीची रक्कम) धरली तर एका फेरीला मोठा ब्लाइंड एक, छोटा अर्धा आणि अँटी एक, असे अडीच ब्लाइंड जातात. आठाचे साडेपाच होतात, आणि तेवढ्याला समोरचा घाबरत नाही. ऑल-इनची निम्मी ताकद त्या भीतीतच आहे.

धोका मात्र ऑल-इनमध्येच जास्त. चिप्स दुप्पट झाल्या तरी बक्षिसातली त्यांची किंमत दुप्पट होत नाही. हरलास तर सगळंच गेलं. म्हणून दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून भिडायला, पत्ते बरेच तगडे लागतात.

बटणावर (डीलरच्या जागेवर) एक्का-पंजा आला, पुढं ब्लाइंड भरणाऱ्या दोन जागांवर मध्यम चिप्सवाले बसलेत: मार भावा, बाद व्हायची भीती त्यांनाही आहे. तिथं चिप्सचा डोंगर घेऊन कुणी बसला असेल, तर हात आखडता घे.

दोन-तीन ब्लाइंडवर दुसरे कुणी तग धरून असतील आणि तुला प्रवेश फी वसूल होण्याशी मतलब असेल, तर थांब. तुझ्याच चिप्स सगळ्यात कमी असतील, किंवा डोळा पहिल्या तीन नंबरांवर असेल, तर ऑल-इन.