इलेक्ट्रिक ग्रिल: सात महिने बांगडे भाजून झाल्यावर

बाबांना स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर तळलेलं बंद असं लिहून दिलं, आणि बाबांनी तिथल्या तिथं दोनदा विचारून घेतलं की मासे बंद नाहीत ना, फक्त तळणं बंद. आमचं मालवणी घर, ठाण्यात राहत असलो तरी. आमटीतला मासा चालतो पण ताटात सुका तुकडा नाही म्हणजे जेवण झालंच नाही, आणि सुका म्हणजे रवा लावून तव्यावर, चार बांगड्यांना आईचं तेल म्हणजे सहज चार मोठे चमचे. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. सगळं काही पोटात जात नाही, बरंचसं तव्यातच राहतं, पण ते उरलेलं तेल आई दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला वापरते, त्यामुळे फिरून तिथंच.

तर मी ऑनलाइन बघून एक हेल्थ ग्रिल मागवला. दोन हजारांच्या आतला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक निम्मी माझीच होती, मी फोटो बघून घेतला. घरी आल्यावर कळलं की हा सँडविच टोस्टरच आहे, फक्त प्लेटवर उभ्या रेघा आहेत. ७५० वॉट. प्लेट अगदी सपाट, निघत नाहीत, आणि मागच्या बाजूला रस बाहेर जायला एक खाच आहे पण खाचेखाली ट्रे नाही! पहिल्याच दिवशी बांगड्याचं पाणी त्या खाचेतून ओट्यावर आणि ओट्यावरून मिक्सरच्या खाली. वीस मिनिटं झाली तरी मासा पांढराच. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "बांगडो उकडलंस काय रे?"

आणि तो उकडलेलाच होता. फ्रिजमधला ओला मासा प्लेटवर ठेवला की प्लेट एकदम थंड पडते, कमी वॉटच्या मशिनला ती परत तापवायला वेळ लागतो, तोवर माशाला पाणी सुटतं, आणि ते पाणी असेपर्यंत वरचा भाग काही शंभर डिग्रीच्या वर जात नाही. खरपूस रंग नि वास यायला १४० च्या पुढं जावं लागतं. त्यातून प्लेट सपाट, म्हणजे पाणी जाणार कुठं, मासा आपल्याच रसात बसून शिजतो. वापरलेला म्हणून दुकानदारानं परत घेतला नाही, माळ्यावर आहे, पाहिजे असेल तर घेऊन जा.

दुसऱ्यांदा मात्र दुकानात गेलो आणि जाताना एका पुठ्ठ्याचा बांगडा कापून नेला, पंचवीस सेंटिमीटरचा, शेपटीसकट. सेल्समन हसला पण त्या पुठ्ठ्यामुळे पाच मिनिटांत निम्मे मॉडेल बाद झाले. चार जणांच्या घरात एका वेळी दोनच बांगडे बसणार असतील तर शेवटचा माणूस जेवायला बसेपर्यंत पहिल्याचं ताट वाळलेलं असतं.

शेवटी घेतला तो २००० वॉटचा, साडेसहा हजारांना, दोन प्लेटींच्या मध्ये दाबून भाजणारा. बघून घेतलेल्या गोष्टी सांगतो. खालची प्लेट पुढच्या बाजूला उतरती हवी, आणि उतार संपतो तिथं ट्रे हवा जो बाहेर काढून ओतता येतो. वरच्या झाकणाची बिजागरी सैल हवी म्हणजे जाड वस्तू ठेवली की झाकण मागूनही उचललं जातं, नाही तर बांगड्याचं डोकं चिरडतं आणि शेपटीला प्लेट टेकतच नाही. तापमानाचा डायल हवा, नुसता लाल-हिरवा दिवा नको, माझा २३० वर संपतो. आणि दोन्ही प्लेटी निघायला हव्यात. हे शेवटचं मी सगळ्यात वर ठेवेन. ज्याची प्लेट निघत नाही तो ग्रिल पुसायचा असतो, धुता येत नाही, आणि माशाचा ग्रिल पुसून भागत नाही हो, तिसऱ्या दिवशी बंद झाकण उघडलं की कळतं.

माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीला आहे, तो म्हणाला घेऊ नको, मी इथून जॉर्ज फोरमन पाठवतो. या प्रकाराला घरोघरी नेणारा तोच, बॉक्सर जॉर्ज फोरमन, ज्याला १९७४ मध्ये मुहम्मद अलीनं आफ्रिकेत किन्शासात हरवलं होतं आणि ज्यानं वीस वर्षांनी पंचेचाळिसाव्या वर्षी परत हेवीवेट टायटल जिंकलं, त्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्याच्या नावाचा तिरक्या प्लेटचा ग्रिल बाजारात आला आणि दहा कोटींवर विकला गेला. पण तिकडची वस्तू १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा तर २००० वॉटचा तो ट्रान्सफॉर्मरच ग्रिलपेक्षा जड होईल. प्रेमानं नको म्हटलं.

विजेवरून आठवलं, हे दुकानात कोणी सांगत नाही. २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. स्वयंपाकघरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर १४०० वॉटसुद्धा धड चालत नाहीत. याचा प्लग जाड पिनांचा १६ अँपिअरचा येतो, आणि आमच्या ओट्यावर तसा पॉइंट एकच, त्यावर मायक्रोवेव्ह. मी शहाणपणा करून जाड पिनांचा अडॅप्टर लावून लहान सॉकेटवर चालवला. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या वासात आणखी एक वास यायला लागला, प्लॅस्टिक तापल्याचा, प्लग काढायला गेलो तर बोट भाजलं. इलेक्ट्रिशियन बोलावून वेगळा पॉइंट काढून घेतला, त्याचे पैसे वेगळे गेले, तेही किमतीतच धरा. इन्व्हर्टरवर चालवायचा विचारही करू नका. बिल मात्र फार येत नाही, पंचवीस मिनिटं चालला तर जास्तीत जास्त पाऊण-एक युनिट.

आता मुख्य मुद्दा, हेल्दी किती. खोक्यावर लिहिलेलं असतं फॅट निघून जातं. मी बघितलं. एका रविवारी कातडीसकट चिकनचे पाय भाजले आणि ट्रेमधला सगळा रस वाटीत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी वर पिवळट थर जमलेला होता, चमच्यानं खरवडला तर एक चहाचा चमचा भरला, त्याखालचं सगळं तपकिरी जेलीसारखं, म्हणजे चिकनचा रस, चव तिथं गेली होती. पुढच्या रविवारी कातडी काढून भाजले तर वर नुसता तवंग. म्हणजे फॅट गळतं ते कातडी-चरबी असेल तर, आणि तीही आधीच सुरीनं काढता येते. आमच्या घरात खरा फरक पडलाय तो त्या चार मोठ्या चमच्यांच्या जागी एक लहान चमचा आला म्हणून. ट्रेमध्ये काय गळतं ते बघून खूश व्हायचं काही कारण नाही.

आणि मशिनला काही कळत नाही त्यात काय ठेवलंय. दुसऱ्याच आठवड्यात पोरांनी त्यात बटर-चीज सँडविच सुरू केली. हेल्थ ग्रिलवर.

तेल अजिबात नको असं मात्र करू नका, मी केलं होतं. कोरडा रवा लावलेला मासा तेलाशिवाय भाजला की रवा पांढराच राहतो, दातात वाळू लागल्यासारखी. शेवटी आईनंच युक्ती काढली, ताटलीत रवा आणि तांदळाचं पीठ घ्यायचं, त्यात एक लहान चमचा तेल टाकून बोटांनी चोळायचं, शेवेच्या पिठाला मोहन चोळतात तसं, आणि मग मसाला लावलेला मासा त्यात दाबायचा. प्लेट २०० वर चांगली तापू द्यायची, हिरवा दिवा लागल्याशिवाय ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंनी एकदम भाजतं त्यामुळे चिरा दिलेला बांगडा आठ-नऊ मिनिटांत, सुरमईची तुकडी सहा मिनिटांत. बाबा म्हणाले, "आता कसो!" याच्यापेक्षा जास्त ते कधी म्हणत नाहीत.

मसाल्यात पाणी कमी ठेवा. दही लावायचं असेल तर टांगून चक्का करून, साधं दही सगळं ट्रेमध्ये जातं. मध किंवा गूळ असलेला मसाला काळा पडतो नि प्लेटला चिकटतो. आणि करपलेलं चवीला बरं लागलं तरी काढून टाका, मांस-मासे फार तापले, काळे पडले की त्यात नको ती द्रव्यं तयार होतात, तेल वाचवून ते खाण्यात काय अर्थ. निखाऱ्यावर तर चरबी खाली पडून धूर उठतो आणि तो परत खाण्यावर बसतो, तेवढा त्रास याच्यात नाही. म्हणून उघड्या कॉइलवाले जे बार्बेक्यू ग्रिल मिळतात त्यांच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी भरायला सांगतात, चरबी पाण्यात पडली की धूर होत नाही. पाणी घालायला विसरलात तर शेजारचे बेल वाजवतात. मक्याचं कणीस मात्र त्याच्यावरच छान होतं, आमच्या दाबायच्या ग्रिलमध्ये कणीस बसतच नाही.

वांग्याचं भरीत विसरा. वांगं शिजतं मस्त, पण गॅसवर भाजल्याचा तो धुरकट वास येत नाही आणि त्याशिवाय भरीत म्हणजे नुसती वांग्याची भाजी. रताळ्याच्या चकत्या, पनीर, ढोबळी मिरची, उकडून घेतलेल्या कोथिंबीर वड्या, हे सगळं पास. कोथिंबीर वडी तर मी म्हणेन तळलेलीच्या बरीच जवळ जाते, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत, वर तेलाचा हात फक्त. साबुदाण्याचं थालीपीठ एकदाच केलं, दोन्ही प्लेटींना चिकटून उघडताना मधोमध फाटलं, अर्धं वर अर्धं खाली.

धुणं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात प्लेट तारेच्या घासणीनं चकचकीत करून ठेवली, त्यांना वाटलं करपलंय. एका कोपऱ्यातलं नॉनस्टिक गेलं. त्यांची काय चूक, मी सांगितलंच नव्हतं. आता प्लेट मी स्वतः धुतो, कोमट पाणी, साबण, मऊ स्पंज, आणि उलथनं लाकडाचं. नॉनस्टिकची भीती बऱ्याच जणांना असते, तर ते २६० डिग्रीच्या आसपास खराब व्हायला लागतं, ग्रिल तिथवर जात नाही, पण रिकामा तापत ठेवून फोनवर बोलत बसू नका. घरात लव्हबर्ड असतील तर जास्तच, अति तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेनं पक्षी मरतात.

बांगडा, सुरमई, चिकन, पनीर आठवड्यातून दोनदा तरी होत असेल तर घ्या. शाकाहारी घरात महिन्यातून एकदा पनीर करायला साडेसहा हजार आणि ओट्यावरची दीड फूट जागा देऊ नका, जाड बुडाचा तवा आणि ब्रशनं लावलेलं तेल पुरतं. पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या वायरीचा कापला, जेमतेम हातभर आहे.

बोंबील राहिले. पाट्याखाली दाबून पाणी काढलं, पीठ बदललं, तापमान वाढवलं, तरी झाकण उघडल्यावर पिठल्यासारखं काहीतरी मिळालं, तीन वेळा. आता बोंबील आई तव्यावरच करते, महिन्यातून एकदा, बाबांना दोनच, आणि ते तिसरा मागतात.